खटका नावाचा बँड

आमच्या घरात हळू बोलायची सोयच नव्हती. माझे वडील, नाना, मागावरचं काम संपवून घरी येत तेव्हा त्यांच्या कानांत माग चालूच असत, आणि आमची खोलीही एका खात्याच्या डोक्यावरच होती. सुरतेत मागांच्या कारखान्याला खातं म्हणतात. गोडादऱ्याच्या आमच्या गल्लीत खाली खाती आणि वर माणसं, अशीच सगळी घरं. फरशीवर तांब्या ठेवला तर आतल्या पाण्यावर बारीक वलयं उठत राहायची. पाणी असंच असतं अशी माझी समजूत होती. धुळ्याकडे मामाच्या गावी पहिल्यांदा गेले आणि तांब्यातलं पाणी गप्प बसलेलं पाहिलं, तेव्हा मी मायला विचारलं होतं, "याला काय झालं?"

त्या खटखटीत बोलायचं कसं, याचा उपाय मागावरच्या माणसांनी आमच्या जन्माआधीच काढून ठेवला होता. ती ओठ वाचत. आवाज काढायचाच नाही, नुसते ओठ हलवायचे, जरा जास्त उघडून, की तिकडच्या भिंतीपाशी उभा असलेला माणूस उत्तर द्यायचा. तंबाखू आहे का, गावाकडून काय खबर, आज कुणाचा सूर बिघडलाय, सगळं असंच. नानांनी ही बोली घरी आणली. माय भाकरी थापता थापता ओठ हलवी, "मीठ सरनं", आणि खोलीच्या दुसऱ्या टोकाला नाना चपला पायात घालत. मी चालायला शिकले तशी हेही शिकले. आज माझ्या नातीच्या फोनवर आवाज बंद करून मी बातम्या बघते. ती म्हणते, "आजी, कळतं तरी काय तुला?" बातम्यांतली माणसं ओठ फार कमी उघडतात, एवढं नक्की कळतं.

दहावीनंतर माझी शाळा थांबली आणि मी मायबरोबर साड्यांवर टिकल्या चिकटवायला बसले. साडी मांडीवर पसरायची, गोंदाचा ठिपका द्यायचा, वर टिकली दाबायची. हात गुंतलेले आणि डोकं मोकाट. दुपारी कळण्याची भाकरी आणि ठेचा. नानांची सकाळपाळी असली की येताना ते कोपऱ्यावरच्या गाडीवरून गरम लोचो, डाळीच्या पिठाचा वाफवलेला मऊ लगदा, आणत. "कच्चं पीठ खातस का हाई लोके?" असं माय दर वेळी म्हणे आणि दर वेळी वाटी पुसून खाई. शेजारच्या खोलीत बीडकडचं कुटुंब होतं. त्यांचा गणपत माझ्याहून थोडा मोठा, लाउडस्पीकर दुरुस्तीच्या दुकानात कामाला. सुट्टीच्या दिवशी तो दुकानातली मोडकीतोडकी यंत्रं घरी आणायचा आणि दोन्ही खोल्यांसमोरच्या गॅलरीत त्यांची पोटं फाडून बसायचा. त्याची आई आमच्याबरोबर टिकल्या लावायची, त्यामुळे तो आणि मी एकाच गॅलरीत बसतो याचं कुणाला काही वाटत नसे.

एका रविवारी त्यानं तापीकाठच्या जुन्या बाजारातून वजनावर घेतलेल्या कॅसेटींची पिशवी आणली. बहुतेक भजनांच्या होत्या, काही कव्वालीच्या. एकीचा कागद पाण्यानं धुऊन गेलेला. त्यानं ती लावली आणि आतून जे आलं त्यानं माझ्या बोटावरची टिकली खाली पडली. तीन-चार माणसं कुठल्याशा परक्या भाषेत ओरडत होती. मागे ढोलासारखं काहीतरी धावत होतं आणि एक तारेचं वाद्य करवतीसारखं कापत होतं. चहा गाळून होईपर्यंत गाणं संपलंसुद्धा. लगेच दुसरं.

गणपतनं टेप बंद केला. "हे लोक गाणं म्हणायलेत का भांडायलेत?"

"परत लाव," मी म्हटलं.

आम्ही ती कॅसेट किती वेळा ऐकली याला सुमार नाही. ती माणसं कोण, कुठली, कशावर एवढी चिडलीत, हे कळायला काहीच मार्ग नव्हता, आणि म्हणूनच मला ती सोडवेना. मी तर्क लढवायची. एका गाण्यात ती बहुतेक पाणी आलं नाही म्हणून ओरडतात. दुसऱ्यात कुणीतरी त्यांना घरातून हाकललंय. गणपतला माझे तर्क पटत नसत. त्याचं लक्ष यंत्राकडे. हा आवाज फाटलेला आहे, म्हणजे यांचा स्पीकर खराब आहे, आणि तरी यांनी तो बदललेला नाही, म्हणजे हे मुद्दाम आहे, असा त्याचा निष्कर्ष होता. खराब स्पीकर मुद्दाम वापरणारी माणसं जगात आहेत, ही गोष्ट त्याला झोपू देत नव्हती.

मग विलास आला. विलास यवतमाळकडचा, नानांच्याच खात्यात कामाला. लग्नसराईत मात्र तो तिथून सुटी घेऊन बँडपार्टीत साइडड्रम वाजवायला जायचा. गॅलरीत उभ्या उभ्या त्यानं ती कॅसेट ऐकली, दोन बोटांनी कठड्यावर ठेका धरला आणि म्हणाला, "एवढं तर मलेबी येते बे. काऊन, आपुन नाई करू शकत?"

हा प्रश्न तोवर आमच्या डोक्यातच आला नव्हता. गाणी करणारी माणसं वेगळी असतात, मुंबईला असतात, त्यांच्याकडे पेट्या-तबले असतात, असंच आम्ही धरून चाललो होतो. आता वाटतं, आमच्या सगळ्या इतिहासात विलासच्या त्या वाक्याइतकं मोठं काही घडलं नाही.

गिटार त्याच बाजारात मिळाली, पोट फुटलेली. सुताच्या खोक्याचा जाड पुठ्ठा कापून आम्ही ते पोट सांधलं, मायच्या टिकल्यांच्या गोंदानं. "मना गोंद कोनी सारा?" असं तिनं विचारलं तेव्हा गणपतनं गिटार साडीखाली लपवली. जुन्या टेलिफोनच्या रिसीव्हरमधला ऐकायचा भाग काढून त्यानं तो गिटारच्या आत बसवला आणि तार भोंग्याला जोडली. भोंगा गल्लीतल्या गणेश मंडळाचा, दुकानात दुरुस्तीला येऊन पडलेला. तार छेडली आणि त्या भोंग्यातून कॅसेटमधल्यासारखाच फाटका आवाज आला, तेव्हा गणपत इतका हसला की त्याची आई बाहेर आली. वाजवता त्याला येत नव्हतं. तीन ठिकाणी बोटं ठेवायला शिकला, पुढं आयुष्यभर तेवढ्यावरच भागलं.

गायचं काम माझ्याकडे आलं, कारण उरलं तेच होतं. आम्ही गच्चीवर सराव करायचो, खाली माग चालू असताना. त्यामुळे कुणाची तक्रार नव्हती, पण मागांच्या वर आवाज काढल्याशिवाय आमचं आम्हालाच ऐकू येत नसे. नंतर काही जणांनी विचारलं, तुम्ही एवढं ओरडून का गायचात? त्यामागं तत्त्व वगैरे काही नव्हतं. आमच्या खाली खातं होतं. माग चालू-बंद करायच्या दांड्याला नाना खटका म्हणत, म्हणून आम्ही बँडचं नाव ठेवलं खटका.

मायला धास्ती होती ती गल्लीची. "पोरगी गच्चीवर बोंबलस, लोके काय म्हनतीन?" नाना काही म्हणत नसत. त्यांना आमचं गाणं ऐकूच येत नसे. गच्चीच्या दारात येऊन थोडा वेळ उभे राहत, विलासच्या हातांकडे बघत, आणि खाली जात.

सुरुवातीला मी निरर्थक शब्द ओरडायची, कॅसेटमधल्यासारखे वाटणारे. एक दिवस गणपतनं गिटार खाली ठेवली. "हे लोक कशावर तरी चिडलेत, आपण कशावर चिडलोत? तू सांग, तू कशावर चिडली?"

मी म्हटलं, कुलुपावर.

ते कुलूप नानांच्या खात्याचं. पाळी सुरू झाली की तिथं लोखंडी जाळीचं दार बाहेरून कुलूप लावून बंद करत, कारागीर मधेच बाहेर जाऊ नयेत म्हणून. किल्ली शेठकडे. मी शाळेत असताना एका दुपारी माय जिन्यावरून पडली. पाय असा वळला होता की मला तिकडे बघवेना. "नानाले बलाव," एवढंच ती म्हणाली. मी धावत खात्यावर गेले आणि जाळीवर हात आपटले. आत माग चालू, कुणाला काय ऐकू जाणार. मी गज धरून ओठ हलवत राहिले, "माय पडनी, माय पडनी." अखेर नानांनी मान वर केली आणि लांबूनच वाचलं. ते जाळीपर्यंत आले. पलीकडे ते, अलीकडे मी. कुणीतरी शेठकडे गेलं, शेठ घरी नव्हते. शेवटी गल्लीतल्या बायकांनी मायला हातगाडीवर घालून दवाखान्यात नेलं. नाना पाळी सुटल्यावर आले. मायचा पाय बरा झाला, पण जिना उतरताना ती कायम भिंत धरायची. त्या दुपारबद्दल घरात कुणी कधी काही बोललं नाही.

मी हे सगळं दोघांना सांगितलं. विलास तर रोज त्याच जाळीच्या आत जायचा. मग त्यानंच काठ्या उचलल्या. गाणं त्याच दिवशी झालं. अगदी साधं:

कुलूप काढ, कुलूप काढ,
दार तुझं, जीव माझा,
कुलूप काढ!

दुसऱ्या कडव्यात मी लिहिलं, जाळीआड बाप उभा, डोळ्यांत पाणी.

आमची कॅसेट आम्हीच भरली, दुकानातल्या दोन खणांच्या टेपवर. कव्हरं सुताच्या पुठ्ठ्याची, त्यावर साडीच्या छपाईतून उरलेल्या रंगानं मी नाव काढायची. विकायची कशी हे माहीत नव्हतं, म्हणून आम्ही म्हणायचो, कोरी कॅसेट आणा, भरून न्या. लोक कोरी कसली, घरातली लग्नाची कॅसेट घेऊन येत आणि म्हणत, यावरच भरा. त्या कॅसेटी बसनं कामरेजला गेल्या, कडोदऱ्याला गेल्या, सुटीत कुणाच्या पिशवीतून शिरपूर-परभणीकडेही गेल्या असतील. कुठं कुठं पोचल्या, हे मला आजही कळून घ्यावंसं वाटतं.

त्या वर्षी गणेश मंडळानं ठरवलेला ऑर्केस्ट्रा ऐनवेळी आलाच नाही. भोंगा आमच्यामुळे दुरुस्त झालेला, म्हणून मंडळानं गणपतला विचारलं, तुम्ही पोरं काहीतरी वाजवता ना? दिवेलागणीला आम्ही स्टेजवर होतो. समोर सोफ्यावर मुख्य पाहुणे म्हणून नानांच्या खात्याचे शेठ, कारण मांडव त्यांनी दिला होता. त्यांच्यामागं त्यांची माणसं, मग बायका-मुलं, आणि अगदी शेवटी, मांडवाच्या कापडाला टेकून, पाळीवरून सुटलेले कारागीर. डोक्यावर सुताची पांढरी लव तशीच. नानाही त्यांच्यात.

गणपत माझ्या कानाशी म्हणाला, "कुलपाचं नको. शेठ समोर बसलाय."

विलासनं ते ऐकलं. मला वाटलं तो मागे सरेल, त्याची नोकरी होती ती. त्यानं काठ्या एकमेकींवर आपटून सुरुवात करून दिली.

भोंग्यानं शब्दांचा पार चुराडा केला. समोरच्या बायकांनी कानांवर पदर घेतले, मुलं हसू लागली. शेठ पाहुण्यासारखं हसत मान डोलावत होते. त्यांना एक अक्षर कळत नव्हतं हे मला दिसत होतं, आणि मनातून मी सुटकेचा निःश्वास टाकला. मग माझी नजर मागे गेली. मागचे सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. मी सवयीनं ओठ मोठे उघडून गात होते, नानांकडून शिकले होते तशी. त्यांना भोंग्याची गरजच नव्हती. पहिल्यांदा एक म्हातारा कारागीर सरळ उभा राहिला. त्याचे ओठ हलले. मी वाचलं: कुलूप काढ. त्याच्या शेजारच्याचे हलले. मग ती अख्खी मागची रांग आवाज न काढता माझ्याबरोबर गाऊ लागली. पुढं बसलेल्या कुणालाही पत्ता नव्हता. मांडवाच्या एका टोकाला एवढा गोंगाट, दुसऱ्या टोकाला एवढी शांतता, आणि दोन्हीकडे एकच गाणं.

नाना मात्र गात नव्हते. ते टक लावून बघत होते. दुसरं कडवं आलं तेव्हा त्यांनी मान हलवली. नाही. मला पुढची ओळ आठवेना. विलास ठेका सोडत नव्हता म्हणून कसंबसं निभावलं. गाणं संपल्यावर शेठनं टाळ्या वाजवल्या आणि स्टेजवर येऊन मला नारळ दिला. "सरस, बेटा! पण अवाज थोडो ओछो राखजो."

घरी आले तर माय ताट वाढत होती आणि नाना भिंतीला टेकून बसले होते. मी दारातच थांबले.

"आठे ये," ते म्हणाले. "दुसरं कडवं खोटं शे."

मी आत जाऊन त्यांच्यासमोर बसले.

"मी रडनू नही व्हतू."

"मग?"

"जाळीना खिळा हालाडत व्हतू. बिजागरीना. ढिला व्हता तो."

इतकी वर्षं मी त्या दुपारचे नाना आठवत होते ते जाळीपाशी नुसते उभे. हात मी पाहिलेच नव्हते. मी विचारलं, "निघाला का?"

"अर्धा निंघना व्हता."

मायच्या हातातली पळी तशीच राहिली होती. "हाई माले कधी सांगं नही," ती हळू म्हणाली, आवाज काढून नव्हे, ओठांनीच. नानांनीही ओठांनीच काहीतरी उत्तर दिलं. मी मुद्दाम दुसरीकडे बघितलं. ते त्या दोघांचं होतं.

दुसऱ्या दिवशी काय झालं ते विलासनं सांगितलं. पाळीच्या वेळी सगळे दाराशी आले आणि आत कुणी जाईना. कुणी घोषणा दिली नाही, कुणी पुढारी नव्हता. शेठनं विचारलं, "कोणे शिखवाड्युं?" मग नाना म्हणाले, "शेठ, दार लावा, पन किल्ली मझार ऱ्हाऊ द्या." दुपारपर्यंत माग बंद राहिले. सूत पडून होतं, माल द्यायचा होता. अखेर दाराच्या आतल्या बाजूला एक खिळा ठोकला गेला आणि किल्ली त्यावर लटकली. त्या दिवशी संध्याकाळी आम्ही कडवं बदललं: जाळीआड बाप उभा, हलवी खिळा. हे आधीच्यापेक्षा कितीतरी बरं होतं, गणपतसुद्धा म्हणाला.

पुढं काही महिन्यांनी शेठच्या ड्रायव्हरनं गाडीत आमची कॅसेट लावली. मांडवात जे कळलं नव्हतं ते कॅसेटवर स्वच्छ कळत होतं. नानांना आणि विलासला उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलं गेलं. मी रडले, माय रडली. नाना आठवडाभर फिरले आणि कडोदऱ्याला एका खात्यात लागले. लांब पडायचं, दोन रिक्षा बदलाव्या लागत. पहिल्या दिवशी परत आल्यावर मी विचारलं, कसं आहे? "तठे दार उघडंच ऱ्हास," ते म्हणाले आणि जेवायला बसले. जुन्या खात्याची किल्ली मात्र आतच राहिली, परत बाहेर गेली नाही. शेठनं ती का राहू दिली, हे मला कधीच उलगडलं नाही.

एकदा बडोद्याहून चित्रकला शिकणारा एक मुलगा आम्हाला शोधत आला. कामरेजच्या एका धाब्यावर त्यानं आमचं गाणं ऐकलं होतं. गच्चीवर बसून त्यानं सगळं ऐकलं, भोंगा पाहिला, गिटारचं पुठ्ठ्याचं पोट पाहिलं, आणि म्हणाला, "तुम्ही लोक पंक आहात." विलासला वाटलं पंखा. त्या मुलानं समजावलं, जगात ठिकठिकाणी अशी माणसं आहेत, वाजवता न येता वाजवणारी, सगळं आपलं आपण करणारी, आणि आमच्याकडची ती कागद धुतलेली कॅसेट त्यांच्यापैकीच कुणाची असावी. कुणाची ते त्यालाही सांगता आलं नाही. तो गेल्यावर मी शाळेतला जुना शब्दकोश काढला. पंक म्हणजे चिखल. आम्हा तिघांनाही ते पसंत पडलं.

बँड मोडला असं कधी झालं नाही, तो विरत गेला. गणपतनं कामरेजला स्वतःचं दुकान टाकलं, विलास बँडपार्टीचा मालक झाला, माझं लग्न होऊन मी पर्वत पाटियाकडे आले. पोरं झाली, सुना आल्या. नाना गेले, मग मायही गेली. मी घरात भांडी घासताना गायची, तेवढंच.

गेल्या हिवाळ्यात एका नातेवाइकाच्या साखरपुड्याहून परतताना मी कडोदऱ्याच्या चौकात रिक्षाची वाट बघत उभी होते. साड्यांच्या पॅकिंगमधून सुटलेल्या पोरींचा घोळका आला. बोलण्यात हिंदी, गुजराती, आमची अहिराणी, सगळी सरमिसळ. त्यातल्या दोघी-तिघी टाळ्या वाजवत गाऊ लागल्या आणि माझ्या हातातली पिशवी खाली टेकली. कुलूप काढ, कुलूप काढ. चाल थोडी निराळी, गरब्याच्या अंगानं गेलेली, पण तीच. मी जवळ गेले आणि त्यातल्या एका उंच पोरीला विचारलं, "हे गाणं कुणाचं गं?"

"कुणाचं म्हणजे, मावशी?" ती म्हणाली. "आधीपासूनच आहे. आमच्या युनिटात सगळ्याच म्हणतात."

सांगावं असं एकदा ओठांवर आलं. पण तेवढ्यात त्या पुढच्या कडव्याला लागल्या होत्या, आणि ते कडवं मला माहीत नव्हतं. आम्ही ते केलंच नव्हतं. त्यात जाळी नव्हती, बाप नव्हता. पाळी सुरू होताना दारावर फोन काढून घेतात, ते होतं:

फोन ठेवला पेटीत,
घरचं आलं बोलावणं,
वाजून वाजून थकलं ते,
सांगेल मला कोण?

"हे कुणी घातलं?" मी विचारलं.

ती उंच पोरगी लाजली. बाकीच्या तिला ढकलू लागल्या. रिक्षा येऊन थांबली होती, रिक्षावाला हॉर्न देत होता. मी त्याला हातानं थोपवलं.

"मला शिकव," मी तिला म्हटलं. "सावकाश म्हण. पहिल्या ओळीपासून."